पाल चुकचुकली, पण वादात तिला किती गुण?

शंकासूर · सोमवार, रात्री 9.10

'मला आतून असं वाटतं' हे वाक्य वादात सगळ्यात जास्त फेकलं जातं आणि सगळ्यात कमी तपासलं जातं. आपल्याकडे त्याला दोनच उत्तरं मिळतात. एक, 'वाटण्याला काय अर्थ आहे, मुद्दा सांगा.' दोन, 'माझं मन मला कधी फसवत नाही.' (पहिलं उत्तर देणारे फ्लॅट बघायला गेले की दुसऱ्या गटात जातात, ते सोडा.)

माझ्या मते या एका वाक्याखाली तीन वेगळ्या गोष्टी लपतात.

पहिली, वस्तुस्थितीबद्दलचा कयास: 'हा बिल्डर काम अर्धवट सोडणार.' खरं की खोटं ते पुढे कळतं.

दुसरी, एखाद्या उदाहरणावर मनाने दिलेला कौल: 'असं वागणं चूकच.' इथे पुढे काही घडून निकाल लागत नाही.

तिसरी, युक्तिवादाबद्दलची अस्वस्थता: 'प्रत्येक पायरी बरोबर दिसतेय, पण निष्कर्ष पटत नाही, आणि कुठे चुकलंय ते दाखवता येत नाही.'

तिन्हींना एकच माप लावता येईल असं वाटत नाही. ज्यांनी यात काम केलंय त्यांनी मापं सांगावीत, उदाहरणासकट. 'अंतरात्म्याचा आवाज' वगैरेसाठी वेगळा धागा काढावा ही विनंती.

पाटी_वाचा · सोमवार, रात्री 9.32

किंमत शून्य. कारण सांगता येत नसेल तर बोलू नये. विषय संपला.

हेत्वाभास · सोमवार, रात्री 10.25

पाटीवाले, शून्य कसं? हे बघा.

अ = ब समजा. दोन्ही बाजूंना अ ने गुणा: अ² = अब. दोन्हीकडून ब² वजा करा: अ² − ब² = अब − ब². अवयव पाडा: (अ + ब)(अ − ब) = ब(अ − ब). दोन्हीकडचा (अ − ब) काढून टाका: अ + ब = ब. अ आणि ब सारखेच, म्हणून 2ब = ब. म्हणजे 2 = 1.

नववीतल्या पोराला चूक सापडायच्या आधीच ती कुठेतरी आहे हे कळलेलं असतं. (अ − ब) शून्य आहे आणि आपण शून्याने भागलं, हे मागाहून सापडतं. मधल्या पाच मिनिटांत त्याच्याकडे कारण नसतं, नुसतं 'पटत नाही' असतं, आणि ते पूर्ण रास्त असतं.

न्यायसूत्रांत, म्हणजे न्याय या प्राचीन तर्कपरंपरेच्या मूळ ग्रंथात, चर्चेत हरण्याच्या 22 जागा सांगितल्या आहेत, निग्रहस्थानं. त्यातलं एक आहे अप्रतिभा, म्हणजे उत्तर न सुचणं. सुचलं नाही की हरलात. पण हा नियम जिंकण्यासाठी चाललेल्या चर्चेचा, म्हणजे जल्पाचा. तत्त्व शोधण्यासाठी जी चर्चा करतात तिला 'वाद' म्हणतात, आणि तिथे मोजकीच निग्रहस्थानं चालतात. अप्रतिभा त्यात नाही. शंकासुरांची तिसरी गोष्ट जल्पात पराभव असते, वादात पुढच्या चौकशीचं निमित्त. तुमचा 'बोलू नये' हा जल्पाचा नियम आहे.

पाटी_वाचा · सोमवार, रात्री 10.41

2 = 1 खोटं आहे हे 'वाटत' नाही, माहीत आहे. पळवाट काढू नका.

दशांशचिन्ह · सोमवार, रात्री 11.15

पाटीकाकांचा आक्षेप बरोबर आहे. त्या पोराची अस्वस्थता रास्त ठरते कारण 2 आणि 1 वेगळे असल्याचा भक्कम पुरावा त्याच्याकडे वेगळा आहे. आता जोडीला दुसरं उदाहरण घ्या. तीच अस्वस्थता, तितकीच तीव्र, आणि साफ चुकलेली.

तीन दारं. एकामागे गाडी, दोघांमागे बकऱ्या. तुम्ही पहिलं दार निवडता. गाडी कुठे आहे हे ठाऊक असलेला सूत्रधार उरलेल्यांपैकी बकरीवालं एक दार उघडतो, समजा तिसरं. आता दार बदलायचं का? मन सांगतं, दोन दारं उरली, निम्मं-निम्मं, बदलून काय होणार. 1990 साली अमेरिकेतल्या एका साप्ताहिक सदरात मॅरिलिन व्होस सॅव्हंट यांनी 'बदला' असं उत्तर दिलं, तर हजारो वाचकांनी त्यांना वेड्यात काढलं. त्यात गणितातले डॉक्टरेटवालेही होते.

300 डाव मोजा. 100 डावांत गाडी तुमच्याच दारामागे असते, तिथे बदललंत तर हराल. 200 डावांत ती उरलेल्या दोनांपैकी एकामागे असते, आणि सूत्रधाराला दुसरं उघडण्यावाचून गत्यंतर नसतं. तिथे बदललंत तर जिंकाल. तीनातले दोन.

दोन्ही उदाहरणांत 'पटत नाही' हे आतून अगदी सारखंच वाटतं. म्हणजे एक माप आत्ताच बाद करता येईल: किती जोरात वाटतंय याला गुण नाहीत.

हेत्वाभास · मंगळवार, सकाळी 7.50

दशांशताई, छान जोडी लावलीत. त्या निम्म्या-निम्म्यात नेमकं काय बिघडलं हे सांगायला आपल्याकडे तयार शब्द आहे: उपाधी.

'जिथे अग्नी तिथे धूर' हा नियम मनाला सहज पटतो. पण लोहाराच्या भट्टीतला तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा बघा. अग्नी आहे, धूर नाही. धूर अग्नीने एकट्याने होत नाही, ओलं जळण लागतं. रोजच्या चुलीत ओलसर लाकूड असतंच, म्हणून ती अट डोळ्यांना दिसत नाही. अशी लपून बसलेली अट म्हणजे उपाधी.

दारांचं तेच आहे. 'दोन पर्याय उरले की शक्यता समान' हा नियम चालतो, पण एक पर्याय गळाला तो माहिती न वापरता गळाला असेल तर. सूत्रधारालाही गाडीचा पत्ता नसता आणि त्याने अंदाजाने उघडलेल्या दारामागे योगायोगाने बकरी निघाली असती, तर खरोखरच निम्मं-निम्मं झालं असतं. मनातला नियम खोटा नव्हता, ओल्या जळणाशिवायच्या अग्नीला लावला गेला.

म्हणून कौल तपासायची पहिली कृती मी अशी सांगतो. कौलामागचा नियम 'जिथे क्ष, तिथे य' असा एका ओळीत लिहायचा. मग क्ष आहे पण य नाही असं निदान एक उदाहरण मुद्दाम शोधायचं. सापडलं तर त्यात कोणती गोष्ट गायब आहे ते बघायचं, आणि चालू वादात ती हजर आहे का ते विचारायचं. इथे चूक होते ती अशी की लोक आपल्या बाजूची उदाहरणं गोळा करत बसतात. धुराच्या शंभर चुली मोजून लोखंडाचा गोळा सापडत नाही.

खिंडीतली_गाडी · मंगळवार, सकाळी 11.05

लोखंडाच्या गोळ्याचं वाहतुकीतलं भावंड देतो. 'रस्ता वाढवला की गर्दी कमी होते.' पुण्यात यावर दुमत नसतं, फक्त पूल कुठे हवा यावर असतं.

4000 गाड्या रोज सकाळी क वरून घ ला जातात. वाटा दोन. एक ख मार्गे: क-ख हा अरुंद रस्ता, तिथे लागणारी मिनिटं = गाड्या भागिले 100; ख-घ रुंद, कायम 45 मिनिटं. दुसरी ग मार्गे: क-ग रुंद, कायम 45, ग-घ अरुंद, गाड्या भागिले 100. लोक आपोआप निम्मे-निम्मे विभागतात: 20 + 45 = 65 मिनिटं.

आता ख ते ग असा झकास पूल बांधा, इतका झकास की वेळ शून्य. क-ख वर सगळ्या 4000 गाड्या आल्या तरी 40 मिनिटं, म्हणजे 45 पेक्षा कमीच. म्हणून प्रत्येक जण क-ख घेतो. पुढे 45 मिनिटांचा रस्ता कशाला, पुलावरून ग ला जाऊन ग-घ घेऊ, असं प्रत्येकाला सुचतं. एकूण 40 + 40 = 80. सगळ्यांचीच 15 मिनिटं वाढली. एकट्याने जुनी वाट धरली तर 85, म्हणून परत कुणी फिरत नाही.

जर्मन गणिती डीट्रिख ब्रेस यांनी 1968 साली हा विरोधाभास मांडला. यावरून 'पूल नकोतच' असा निष्कर्ष काढणारेही असतात, तेही चूक. एका गोळ्याने 'सगळीकडे धूर' खोटं ठरतं, 'कुठेच धूर नाही' खरं ठरत नाही. (विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल 2020 साली पाडला तो मेट्रोसाठी, ब्रेससाठी नव्हे. दर वेळी कुणीतरी घोळ घालतं म्हणून सांगून ठेवतो.)

शंकासूर · मंगळवार, दुपारी 1.40

म्हणजे आपला नियम कुठे मोडतो ते बघायचं. पण तिसऱ्या प्रकारात नियमच लिहिता येत नाही, नुसतं 'निष्कर्ष पटत नाही' असतं. त्याचं काय?

दशांशचिन्ह · मंगळवार, दुपारी 3.20

त्याचा जमाखर्च मांडता येतो. पुण्याचा जिव्हाळ्याचा विषय घेऊ, हेल्मेटसक्ती.

विधान 1: अपघातात हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता घटते. विधान 2: हेल्मेटमुळे अपघातच वाढतात असं नाही. विधान 3: हेल्मेटचा त्रास किरकोळ आहे. विधान 4: नुकसान मोठं आणि त्रास किरकोळ असेल, तर माणसाच्या स्वतःच्या भल्यासाठी कायद्याने सक्ती करणं योग्य. निष्कर्ष: सक्ती योग्य.

समजा तुम्ही चारही विधानांना 90 टक्के खात्री देता. चारही एकदम खरी असण्याची खात्री 0.9 चा चौथा घात, सुमारे 66 टक्के. निष्कर्षाला तुम्ही किमान तेवढी खात्री द्यायलाच हवी. पण तुम्ही म्हणता, 'छे, निष्कर्ष खरा असण्याची शक्यता माझ्या मते 20 टक्के.' मग हिशेब जुळत नाही. तूट चारांपैकी कुणाच्या तरी खात्यावर टाकावीच लागेल. सगळ्यांवर सारखी टाकलीत तर प्रत्येक विधान 90 वरून 67 वर येतं. एकट्यावर टाकलीत तर ते थेट 27 वर.

'पटत नाही' म्हणण्याचा हक्क आहेच, फक्त तो कुणाच्या खात्यावर नावे टाकता ते सांगा. गंमत अशी की लोक तूट विधान 2 आणि 3 वर टाकतात (मान दुखते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही), आणि खरी अढी असते विधान 4 वर: 'माझं डोकं, मी बघीन.' विधान 1 वर तर वाद उरलेलाच नाही. अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या 2008 च्या आढाव्यात मृत्यूची जोखीम 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेची 69 टक्क्यांनी कमी दिसली आहे. अढी 4 वर आणि भांडण 2 आणि 3 वर, म्हणून हा वाद वर्षानुवर्षं तसाच चालतो. मानेबद्दल कितीही पुरावे आणा, समोरचा हलत नाही, कारण तो मानेबद्दल बोलतच नसतो.

पाटी_वाचा · मंगळवार, दुपारी 3.48

66 कुठून आणलेत? चार विधानं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत हे गृहीत धरलंत. त्रास किरकोळ असणं आणि अपघात न वाढणं यांचा संबंध आहे. हॉर्न ऐकू आला नाही तर दोन्ही एकदम कोसळतील.

दशांशचिन्ह · मंगळवार, दुपारी 4.05

मान्य. स्वतंत्र धरली तर 66. संबंध कसाही असला तरी आकडा 60 च्या खाली जाऊ शकत नाही (चार उणिवा प्रत्येकी 10, बेरीज 40) आणि 90 च्या वर जात नाही. 20 कुठेच बसत नाही, त्यामुळे तूट राहतेच. पण दुरुस्ती योग्य, वर तसं लिहायला हवं होतं.

शंकासूर · मंगळवार, संध्याकाळी 6.30

हे लावून बघतो. सोसायटीच्या पुनर्विकासाचं बनवलेलं उदाहरण, आकडे हिशेबापुरते. तीन ऑफर 22 ते 25 टक्के जादा कार्पेटच्या आहेत, चौथी 40 टक्क्यांची. सभेत एक ज्येष्ठ सभासद म्हणतात, 'ही जरा जास्तच गोड वाटतेय.' बाकीचे म्हणतात, 'काका, तुम्ही कायमच नकारात्मक.'

काकांच्या पालीला प्रश्नात बदलू: 40 टक्के देऊन बिल्डरला विकायला उरतं किती? जुनं कार्पेट एकूण 20,000 चौरस फूट. 40 टक्के वाढीने सभासदांना 28,000. एकूण बांधकाम 45,000 बसतं, म्हणजे विक्रीला 17,000. भाव 16,000 धरला तर येणार 27.2 कोटी. खर्च: 45,000 फूट गुणिले 5,000 म्हणजे 22.5 कोटी, वर भाडी, कॉर्पस, प्रीमियम, टीडीआर (विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) मिळून 6 कोटी. एकूण 28.5 कोटी. बिल्डर 1.3 कोटी तोट्यात. 22 टक्क्यांवर तोच हिशेब: सभासदांना 24,400, विक्रीला 20,600, येणार 32.96 कोटी, उरतात 4.46 कोटी.

मग प्रश्न असा: 40 वाल्याने कोणता आकडा वेगळा धरलाय? जादा एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येईल ते प्रमाण)? चढा भाव? की काम सुरू झाल्यावर 'परिस्थिती बदलली' म्हणून ऑफर कापायची? बँक गॅरंटीबद्दल तो काय म्हणतो? (सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खालच्या सरकारी सूचनांत प्रकल्पखर्चाच्या 20 टक्के गॅरंटी सांगितली आहे, आणि घासाघीस सगळ्यात आधी तिथेच सुरू होते.)

काळा_कोट · मंगळवार, रात्री 8.15

शंकासूर, हिशेब ठीक, पण पुढे एक घसरण असते. आकडे मांडून झाल्यावरही सभेत कुणीतरी म्हणतं, 'हिशेबही तेच सांगतो, आणि काकांनाही तसंच वाटतंय.' एकाच पुराव्याचे दोनदा पैसे घेतले. काकांना जे वाटलं ते याच तफावतीमुळे वाटलं असेल, तर तफावत हिशेबात आल्यावर वाटण्याचा वेगळा गुण उरत नाही. आणि बिल्डरने जादा एफएसआयचा खरा कागद दाखवून तफावत मिटवली, तर काकांची पाल गप्प बसली पाहिजे. बसत नसेल तर ती दुसऱ्या कशावर तरी चुकचुकतेय, ते पुन्हा शोधा.

कोर्टातही मांडणी अशीच आहे. 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 45 ने तज्ज्ञाचं मत ग्राह्य धरलं, आणि कलम 51 ने लगेच सांगितलं की मत ग्राह्य असेल तिथे त्या मताचे आधारही ग्राह्य. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या साक्ष्य अधिनियमातही ही जोडी कायम आहे. हस्ताक्षरतज्ज्ञ 'सही खोटी आहे' एवढंच म्हणाला तर उलटतपासणीत पाच मिनिटं टिकत नाही. कोणत्या अक्षराचं वळण, कुठे लेखणी उचलली, तुलनेला किती नमुने घेतले, हे सांगावं लागतं. त्याच्या नजरेला आधी 'काहीतरी खटकलं' हे मान्य असतं, पण ते खटकणं नोंदीत येत नाही.

आणि सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली, पुण्यातल्याच एका खटल्याच्या निकालात, परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रं घालून दिली, वकिलांत त्यांना पंचशील म्हणतात. त्यातलं पहिलंच असं की दोषाकडे नेणारी परिस्थिती सिद्ध झालेली 'असू शकते' एवढ्यावर भागत नाही, ती सिद्ध झालेली 'असलीच पाहिजे'. संशय कितीही दाट असला तरी पुराव्याची जागा घेत नाही.

हेत्वाभास · मंगळवार, रात्री 9.40

काळाकोट, पण हे निकाल देण्याचं माप झालं. चौकशी सुरू करायला 'असू शकतं' पुरतं, नाहीतर एफआयआरच नोंदवता येणार नाही.

प्राचीनांनी पहिल्या प्रकारावर, म्हणजे कयासावर, नेमकं उदाहरण घेऊन चर्चा केलीय. वैशेषिक परंपरेतल्या प्रशस्तपादांनी प्रतिभेचं, म्हणजे आतून अचानक उमटणाऱ्या ज्ञानाचं, लौकिक उदाहरण दिलंय ते एका मुलीचं. ती म्हणते, 'उद्या माझा भाऊ येणार, माझं हृदय मला सांगतंय.' हे ज्ञान मानायचं का? नवव्या शतकातले नैयायिक (न्याय परंपरेतले) जयंत भट्ट हो म्हणतात, पण अटी घालून: ते डळमळीत नसावं, दुसऱ्या ज्ञानाने खोडलेलं नसावं, आणि ज्या कारणातून आलं त्यात दोष नसावा.

आणि ते प्रमाण आहे हे कळतं कसं? नैयायिकांच्या मते बाहेरून, परतः. पाणी दिसलं, ते पाणीच आहे याची खात्री तहान भागल्यावर. याला प्रवृत्तिसामर्थ्य म्हणतात. भाऊ खरंच आला पाहिजे. तोही एकदा येऊन भागत नाही, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडू शकते.

दशांशचिन्ह · मंगळवार, रात्री 10.30

हेच आजच्या भाषेत. डॅनियल कानेमन यांचा आयुष्यभर कौलाच्या चुकांवर अभ्यास, गॅरी क्लाइन यांचा अग्निशमन दलातल्यांच्या अचूक कौलावर. दोघं भांडणार अशी अपेक्षा होती. 2009 साली दोघांनी मिळून एक लेख लिहिला आणि बरंचसं जमलं. अनुभवी माणसाच्या कौलावर विसंबायला दोन अटी लागतात: त्या कामात खरोखर नियमितपणा हवा, आणि माणसाला आपली चूक लवकर व स्पष्ट कळत राहिलेली हवी. बुद्धिबळ, भूल देणं, आग विझवणं इथे दोन्ही असतात. शेअरची निवड, पाच वर्षांनंतरचं राजकारण, इथे वीस वर्षांचा अनुभवही फारसा कामाचा नाही.

म्हणून वादात कुणी 'माझा तीस वर्षांचा अनुभव' म्हणाला की वर्षं मोजू नका. विचारा, 'तुम्ही चुकलात हे तुम्हाला किती दिवसांत कळायचं?' उत्तर 'कधीच नाही' असेल तर ती तीस वर्षं सरावाची नव्हेत.

एक छुपा सापळा. आठवड्याभरात प्रतिसाद मिळतो, पण तो स्वतःच घडवलेला असतो. वेटरला वाटतं, हे टेबल टिप देणार नाही; म्हणून तो तिकडे कमी फिरकतो; टिप मिळत नाही; त्याचा कौल दर वेळी 'खरा' होतो. भाऊ रोज येतो, पण बहिणीनेच फोन करून बोलावलेला. हिंजवडीतल्या मुलाखतींत याचीच दुसरी तऱ्हा चालते: नाकारलेला उमेदवार पुढे कसा निघाला हे नाकारणाऱ्याला कधी कळतच नाही.

मुलाखतीवरून आठवलं. 1950 च्या दशकात तरुण कानेमनना इस्रायली सैन्याची भरतीची मुलाखत सुधारायला सांगितली. त्यांनी सहा गुण ठरवले, प्रत्येकावर ठरावीक प्रश्न, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, एक संपल्याशिवाय दुसरा नाही. मुलाखत घेणारे चिडले, आम्हाला यंत्र केलंत म्हणाले. मग शेवटी त्यांना मुभा दिली: डोळे मिटा, हा पोरगा सैनिक म्हणून कसा वाटतो, एक आकडा द्या. तो डोळे मिटून दिलेला आकडा सहा गुणांच्या बेरजेइतकाच उपयोगी ठरला. जुन्या मोकळ्या मुलाखतीतला तोच 'वाटणं'वाला आकडा मात्र जवळपास निरुपयोगी होता. फरक क्रमाचा. कौल आधी घेतलात तर पुढचे सगळे प्रश्न त्याची हमाली करतात.

पाटी_वाचा · बुधवार, सकाळी 8.05

बरं. मग स्वतःचा कौल किती चालतो ते मोजायचं कसं? 'माझे बहुतेक अंदाज बरोबर येतात' असं म्हणणारा प्रत्येक गल्लीत एक आहे.

दशांशचिन्ह · बुधवार, सकाळी 9.20

वही करा. चार रकाने: तारीख, अंदाज, टक्के, निकालाची तारीख. अंदाज असा लिहायचा की तिसऱ्या माणसाला खरं-खोटं ठरवता येईल. 'काम रखडेल' चालणार नाही, '31 मार्चपर्यंत तिसरा स्लॅब पडलेला नसेल' चालेल. टक्के आधी, निकाल मागाहून, खाडाखोड नाही.

गुण ब्रायर पद्धतीने. खरं झालं तर 1, नाही तर 0. टक्क्यांचा दशांश करून फरकाचा वर्ग. 90 टक्के म्हणालात आणि झालं: 0.1 चा वर्ग, 0.01. 70 म्हणालात आणि नाही झालं: 0.49. 60 म्हणालात आणि झालं: 0.16. तिघांची सरासरी 0.22. जितका कमी तितका चांगला. दर वेळी डोळे झाकून 50 टक्के म्हणणाऱ्याला 0.25 मिळतात, म्हणजे त्याच्या वर गेलात तर तुमच्या कौलापेक्षा नाणं बरं. सोपे अंदाज भरून गुण फुगवता येतात ('उद्या लक्ष्मी रोडला गर्दी असेल, 99 टक्के'), म्हणून विषयवार वेगळी पानं ठेवा. माणसं ओळखण्यात 0.15 आणि बाजारभावात 0.30 हे एकाच डोक्यात सुखाने नांदतं.

पौडफाटा · बुधवार, दुपारी 12.10

वही, बँक गॅरंटी सगळं पहिल्या प्रकाराचं. दुसऱ्याला, 'हे चूक आहे' या कौलाला, तुम्ही कुणी हात लावला नाहीत. तिथे भाऊ कधी येतच नाही.

तिथलं माप म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलणे. रात्री दोन वाजता, रिकाम्या चौकात लाल सिग्नल तोडला. चूक? कौल लिहून ठेवा. आता फक्त 'मी' च्या जागी 'तो' घाला. मग फक्त कॅमेरा वाढवा. मग कॅमेरा काढून फक्त एक झोपलेला कुत्रा ठेवा. 'मी' चा 'तो' होताच कौल पलटला, तर तो सिग्नलबद्दल नव्हता.

मग शब्द पलटून बघा. 1981 चा ट्वर्स्की-कानेमन यांचा प्रयोग: साथीत 600 लोक दगावणार आहेत. एका गटाला सांगितलं, 'पहिल्या योजनेत 200 नक्की वाचतील'. 72 टक्क्यांनी ती निवडली. दुसऱ्या गटाला तीच योजना, 'यात 400 नक्की मरतील'. 22 टक्क्यांनी निवडली. माणसं तितकीच वाचतात. असा कौल वादात आणायच्या आधी दोन्ही शब्दांत विचारून घ्या, दोन वेगळी उत्तरं आली तर दोन्ही बाजूला ठेवा.

एका वेळी एकच, हे सोपं वाटतं पण जाणकारही घसरतात. ट्रॉलीचं कोडं बघा. फिलिपा फूट यांनी 1967 साली मांडलं: ताबा सुटलेली ट्रॉली रुळावरच्या पाच जणांकडे येतेय, रूळ बदलला तर पाच वाचतात, दुसऱ्या रुळावरचा एक मरतो. बरेच जण म्हणतात, बदला. जुडिथ थॉमसन यांनी 1976 साली ट्रॉली अडवायला लठ्ठ माणसाला पुलावरून ढकलण्याचा प्रकार जोडला. तिथे बहुतेक जण नाही म्हणतात. लोक लगेच निष्कर्ष काढतात, 'माणसाला साधन म्हणून वापरणं चूक.' पण रूळ ते पूल या बदलात एकदम बऱ्याच गोष्टी बदलल्या: अंगाला हात लावणं, अंतर, आणि त्याला साधन म्हणून वापरणं. म्हणून 1985 साली थॉमसननी वळसा घालून परत येणारा रूळ आणला. तिथे एकटा माणूस गाडी अडवण्याचं साधनच असतो, पण हात लागत नाही. आणि रूळ बदलायला हरकत नाही असं पुष्कळांना वाटतं. म्हणजे नुसता 'साधन' हा खुलासा पुरत नाही. आणि हो, क्रमही बदलून बघा. 2012 साली श्विट्झगेबल आणि कुशमन यांना व्यावसायिक तत्त्वज्ञांचेही कौल प्रश्नांच्या क्रमाने हललेले दिसले.

हेत्वाभास · बुधवार, दुपारी 2.35

यातून फक्त सुसंगती तपासली जाते. एखाद्याचा कौल 'मी', 'तो', कॅमेरा, कुत्रा, सगळ्यांत अढळ राहिला आणि तरीही तो दुष्ट असू शकतो. तुमच्या मापात तो पैकीच्या पैकी.

पौडफाटा · बुधवार, दुपारी 4.50

हो, इथे माप तोकडं पडतं. 1848 साली भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंवर शेण फेकणाऱ्यांना ते 'आतून' चूकच वाटत होतं, प्रामाणिकपणे. मुलगी कुणाचीही असो, पेठ कुठलीही असो, कौल ढळला नसता. सुसंगत, तीव्र, बहुमताचा.

तिथे जयंत भट्टांचीच अट उचलतो: कारणात दोष आहे का. दोन प्रश्न. हा कौल टिकण्यात कौल देणाऱ्याचा फायदा होता का? आणि ज्यांच्याबद्दल तो दिला, त्यांचा कौल कुणी मोजला का? पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही असं उत्तर आलं, तर कौल खोटा ठरत नाही, पण त्याची साक्ष मी अर्ध्यावर आणतो.

काळा_कोट · बुधवार, संध्याकाळी 5.15

हितसंबंधी साक्षीदार. कोर्ट त्याची साक्ष फेकून देत नाही, जास्त बारकाईने तपासतं. 'अर्ध्यावर' मात्र आमच्याकडे नसतं.

हेत्वाभास · बुधवार, संध्याकाळी 6.00

अर्ध्यावरच का, पाव का नाही, हे तुमचं तुम्हालाही 'आतून'च वाटलंय ना पौडफाटा? इथे मी सहमत नाही. पण याहून बरं माप माझ्याकडेही नाही.

पाटी_वाचा · बुधवार, रात्री 9.05

वहीबद्दल एक राहिलं. 70 टक्के म्हणून दहा अंदाज लिहिले, पाचच खरे झाले. म्हणजे माझा कौल फुगलेला, बरोबर?

दशांशचिन्ह · बुधवार, रात्री 9.30

इतक्यात नाही. तुमचे 70 टक्के अगदी चोख असले तरी दहांत पाच किंवा कमी खरे होणं नुसत्या नशिबाने 15 टक्के वेळा घडतं. चाळीस अंदाज होऊ द्या. त्यात वीस किंवा कमी खरे झाले, तर मात्र ते नशिबाने शंभरात एकदाही होत नाही, तेव्हा फुगलेला म्हणा. शंभरपानी वही पुरेल, आप्पा बळवंत चौकात घ्या, आणि पहिल्या पानावर 'किंमत शून्य' हा सोमवारचा अंदाज टक्क्यांसकट लिहा.